उपाशीपोटी येण्याआधी: पहिल्यांदाच तपासणी करून घेणाऱ्यांसाठी

सकाळी साडेसहाला लॅबचं शटर वर करायच्या आधीच पायरीवर दोन-तीन जण येऊन बसलेले असतात. त्यातल्या एकाच्या हातात हमखास मोबाईल असतो आणि मोबाईलवर जाहिरात. "ताई, हे बहात्तर टेस्टचं पॅकेज करायचंय."

काय होतंय, असं मी विचारते. "काय नाही, सहज." बीपी कधी मोजलंय? "नाही बा." घरात कुणाला शुगर? "आईला आहे, मामाला होती, थोरल्या भावाला गेल्या वर्षी निघाली." वय बेचाळीस, पोट शर्टाच्या बटणांना ताण देणारं, गालात तंबाखू. या माणसाला गरज आहे ती बीपीच्या पट्ट्याची, शिंप्याच्या टेपची, दोन-तीन रक्तचाचण्यांची आणि कुणीतरी टॉर्च घेऊन तोंडात बघायची. बहात्तर चाचण्यांच्या त्या पॅकेजात टेप आणि टॉर्च नसतात.

मी सांगलीत बावीस वर्षं रक्त काढते. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. त्यामुळे कुठली गोळी घ्यायची ते मला विचारू नका. पण कुठल्या वयात काय तपासायचं, कुठे जायचं आणि आदल्या रात्री काय करायचं, हे रोज शंभर वेळा सांगून माझं पाठ झालंय. ते एकदा लिहून काढते.

आधी हे ठरवा: तपासणी की दुखणं?

ज्याला काहीही होत नाही त्याने लपलेला आजार शोधायला केलेली ती तपासणी. तुम्हाला काही होत असेल तर ती तपासणी उरत नाही, तिथे थेट डॉक्टर. छातीत किंवा काखेत गाठ, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, जिना चढताना छाती आवळणं, दोन आठवड्यांच्या वरचा खोकला, कारण नसताना उतरलेलं वजन, बसलेला आवाज. यातलं काहीही असेल तर पॅकेज करून 'सगळं नॉर्मल आलं' म्हणून घरी बसू नका. रक्ताचे सगळे आकडे छान असूनही छातीतली गाठ गाठच राहते. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय जुनी आहे आणि हल्ली ती नॉर्मल रिपोर्ट हातात धरून काढतात, एवढाच फरक.

घरीच करायच्या तीन गोष्टी

पहिली, टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, अंगावर. श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढून नाही. पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचं ८० सेंटिमीटरच्या आत असावं. पुरुष मला पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाखाली घसरवून घातलेली असते, तो नंबर कॉलेजपासून बदललेलाच नसतो.

दुसरी, घराण्याचा हिशेब. आई, वडील, सख्खी भावंडं. कुणाला शुगर, बीपी, लकवा, हार्ट अटॅक, कॅन्सर, आणि महत्त्वाचं म्हणजे कितव्या वर्षी. वडिलांना ७८ व्या वर्षी अटॅक येणं आणि ४९ व्या वर्षी येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर तुमच्या तपासण्या लवकर सुरू होतात. 'अण्णा अचानक गेले' एवढ्यावर थांबू नका, आत्याला विचारा. आत्यांना सगळं माहीत असतं.

तिसरी, आरसा. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, सुपारी यातलं काहीही असेल तर महिन्यातून एकदा उजेडात तोंड उघडून बघायचं. गाल आतून, ओठ उलटवून, जीभ दोन्ही बाजूंनी, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की होणारी आग. मग स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मधे घालायची. जात नसतील तर तोंड आवळत चाललंय.

इथे स्वतःचंच सांगते. माझ्या सासूबाई लग्नाआधीपासून मिश्री लावायच्या. सकाळी चुलीवर तंबाखू भाजल्याचा तो करपट वास म्हणजे घरातली सकाळ. मी दर सहा महिन्यांनी त्यांची शुगर करायचे, किडनीसाठी क्रिएटिनिन करायचे, आणि मोठ्या अभिमानाने सगळं नॉर्मल असल्याचं सांगायचे. तोंडात कधी बघितलं नाही. मिश्री म्हणजे दात घासणं, ते कुठे व्यसन, असं मीही धरून चालले होते. शाळेच्या पटांगणावरच्या शिबिरात एका शिकाऊ दंतवैद्य मुलीने त्यांचा खालचा ओठ उलटा केला आणि आत बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण तसाच सोडण्यासारखाही नव्हता. मिश्रीचा डबा बंद झाला, दर सहा महिन्यांनी आता ओठ बघितला जातो. त्या मुलीला लागली फक्त बॅटरी आणि एक मिनिट. माझ्याकडे तर अख्खी लॅब होती.

कुठे जायचं

सगळ्यांत आधी तुमच्या गावचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. बोर्डावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं. ३० वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाची बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, आणि बायकांचा स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर अशी पाच तपासण्यांची सोय सरकारी कार्यक्रमात आहे आणि ती फुकट आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचं माप, व्यायाम, घरात कुणाला काय. त्याला गुण असतात, चारच्या वर गेले की धोका जास्त. बरेच जण आशाताईंना दारातूनच 'आमच्यात कुणी आजारी नाही' म्हणून वाटेला लावतात. फॉर्म निरोग्यांसाठीच असतो. बसवा त्यांना, चहा द्या, खरं सांगा. दारूच्या प्रश्नाला तर नक्कीच.

उपकेंद्रात बोटातून रक्त काढून मशिनवर शुगर बघतात. आकडा जास्त आला तर पुढे तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचं क्लिनिक असतं. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सिव्हिलला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधारकार्ड घेऊन सकाळी लवकर जावं, केसपेपरची रांग ओपीडीच्या रांगेपेक्षा आधी लागते. खासगीत जायचं तर आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, चिठ्ठी घ्या आणि मग आमच्याकडे या. उलट्या क्रमाने आलात तर पैसे जास्त जातात, हे मी लॅबवाली असून सांगते. मालक वाचत नसावेत.

खासगी तपासणीची पावती मात्र टाकू नका. आयकराच्या जुन्या पद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी) प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावटीला धरतात, रोख भरले असले तरी. ही रक्कम विम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच मोजतात, वेगळी नाही.

बीपी: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चुकीची मोजली जाणारी गोष्ट

माधवनगरहून एक काका स्कूटर दामटत आले. टोपी काढली, घाम पुसला, बाही वर सरकवली, "लावा पट्टा, पेठेत जायचंय." १६४/९६. चेहरा पडला. मी म्हटलं, लघवीला जाऊन या. आले. खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प. 'गप्प' सगळ्यांत अवघड गेलं. पट्टा उघड्या दंडावर. १४०/८६. एक मिनिटाने परत, १३६/८४.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, वेगवेगळ्या दिवशी दोनदा आला की डॉक्टर बीपी आहे म्हणतात. घरी मशीन असेल तर तिथे १३५/८५ हीच रेघ. १२०/८० च्या आत असेल तर वर्षा-दोन वर्षांनी मोजा, त्याच्या आणि १४०/९० च्या मधे असेल तर दरवर्षी. अठरा पूर्ण झाले की सुरुवात. 'डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही' हे विसरा. बहुतेकांचं बीपी काही न सांगता वर्षानुवर्षं बसून असतं आणि एक दिवस थेट लकव्याच्या रूपात बोलतं.

अठरा ते एकोणतीस

या वयाला फार काही लागत नाही, हे ऐकून पालक नाराज होतात. बीपी, वजन, कंबर, दात, डोळे. मुलींचं हिमोग्लोबिन नक्की. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी असल्याचं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं होतं. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे कमी. हॉस्टेलच्या मुली ९ हिमोग्लोबिन घेऊन परीक्षा देत असतात आणि थकव्याला अभ्यासाचा ताण म्हणतात.

शुगर या वयात सगळ्यांना नाही. वजन जास्त, आई-वडिलांना मधुमेह, पीसीओडी किंवा बाळंतपणात शुगर वाढलेली, यांनी मात्र वाट बघू नये. घरात लवकरच्या हृदयविकाराचा इतिहास असेल तर कोलेस्टेरॉल एकदा बघून ठेवा.

लग्न ठरलंय? पत्रिकेबरोबर दोघांचा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजारासाठी एचपीएलसी नावाची चाचणी करा. ही आयुष्यात एकदाच करायची. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांना स्वतःला काहीच त्रास नसतो, म्हणून कळत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी सुद्धा याच वेळी उरकून घ्या. एचआयव्हीची चाचणी सरकारी समुपदेशन केंद्रात फुकट आणि गुप्त असते.

मनाचं? त्याला ट्यूब नाही. दोन आठवडे सलग कशातच रस वाटत नसेल, झोप मोडली असेल, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तिशी: इथून खरं वेळापत्रक सुरू

शुगर तिसाव्या वर्षापासून, बीपीसोबत वर्षातून एकदा. उपाशीपोटी १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि पुढे मधुमेह, पण त्रास काही नसेल तर दुसऱ्यांदा करून खात्री करतात. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, ५.७ च्या आत चांगली आणि ६.५ पासून मधुमेह. तिला उपाशी यावं लागत नाही. मात्र रक्त खूप कमी असेल तर ती फसवते, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघावं.

आता बायकांसाठी. इथे थोडी थांबते, कारण याच तपासणीला सगळ्यांत जास्त बायका 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्याआधी पेशी बदललेल्या दिसतात आणि त्या अवस्थेत काढून टाकता येतात. बहुतेक वेळा कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका होत्या. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ साली निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. त्या बायका शेतावर जाणाऱ्या होत्या, तुमच्या-माझ्यासारख्या.

सरकारी केंद्रात बहुधा व्हीआयए करतात. होतं काय, तर तुम्ही टेबलावर गुडघे दुमडून झोपता, अंगावर चादर. सिस्टर एक साधन आत घालून जागा उघडी करतात, तेव्हा दाबल्यासारखं वाटतं. श्वास रोखला की जास्त लागतं, सोडला की कमी. मग पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा, म्हणजे व्हिनेगरच, गर्भाशयाच्या तोंडाला लावून एक मिनिट थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरं उमटतं. बस. भूल नाही, टाका नाही, उत्तर तिथल्या तिथे. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर असंही नाही, पुढे दुर्बिणीने बघायला पाठवतात. पाळी चालू असताना जाऊ नका. आदले दोन दिवस संबंध नको, आतून औषध घेणं नको. ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी. खासगीत पॅप, म्हणजे पेशींचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, असेल तर तीन वर्षांनी, एचपीव्ही चाचणी असेल तर पाच वर्षांनी. एचपीव्हीची लस घेतलेली असली तरी तपासणी चुकवायची नाही.

'बाईच तपासणार का?' हा प्रश्न लाजून विचारू नका, मोठ्याने विचारा. केंद्रातल्या सिस्टरना त्याची सवय असते. आणि जावा-जावा मिळून जा. आमच्या गल्लीतून हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सात जणी वडापने एकदम गेल्या होत्या. एकटीला जायचं म्हटलं तर त्यातली एकही गेली नसती.

स्तनाची तपासणी प्रशिक्षित सिस्टर किंवा डॉक्टर हाताने करतात. मुंबईत टाटाने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे मॅमोग्राफीचं, स्तनाच्या एक्स-रेचं, मशीन गावात नाही, एवढ्यावर गाडं अडत नाही.

चाळिशी आणि पन्नाशी

द्राक्षवाले या वयाचे. 'ऑक्टोबरची छाटणी उरकली की येतो' म्हणतात, मग डिपिंग, मग विरळणी, मग पाऊस, मग व्यापारी. उसाची तोड असेल तर मार्चपर्यंत विषयच नाही. त्यांना मी सांगते, औषधं मारायच्या वेळापत्रकाच्या शेजारीच एक दिवस स्वतःचा लिहा. बागेला डावणी रोग दिसण्याआधीच फवारता ना?

या वयात बीपी-शुगरच्या जोडीला कोलेस्टेरॉलची पूर्ण चाचणी. आता त्याला बहुतेकदा उपाशी राहावं लागत नाही. त्यातली ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वर आली तरच उपाशी परत करतात. ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीचा अंदाज. शुगरवाल्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी, नीट दिसत असलं तरी. तळपायही तपासून घ्या. तिथली जाणीव गेली की चप्पल कुठे लागली ते कळत नाही.

डोळ्याचा दाब चाळिशीनंतर बघा. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही. 'चष्म्याचा नंबर वाढलाय' म्हणून दुकानात बसून फक्त फ्रेम निवडू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब मोजून घ्या.

मॅमोग्राफी कुठल्या वर्षी सुरू करायची यावर डॉक्टरांतही एकमत नाही. कुणी चाळीस म्हणतं, कुणी पन्नास. आई किंवा बहिणीला झाला असेल तर तिच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून डॉक्टरांशी बोलायला लागा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर घरात असेल तर तोच हिशेब. पुरुषांनी पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणी उठसूट करू नये. प्रोस्टेट वयाने वाढतं, आकडा वर येतो आणि माणूस सुया टोचून घेत फिरतो. आधी डॉक्टरांशी बोला.

त्रास काहीच नाही तरी दरवर्षी ईसीजी आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवणं? ज्याला धोका कमी, त्याला त्यातून फारसं हाती लागत नाही.

साठीनंतर

इथे मात्र रक्तापेक्षा चालणं बघा. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. आईंना म्हणा, उठा, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. मोबाईलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. मग न्हाणीतली फरशी, पायपुसणं, रात्रीचा दिवा आणि झोपेच्या गोळ्या यांच्याकडे वळायचं.

हाडांची घनता पासष्टनंतर बायकांनी एकदा बघावी. पाळी लवकर गेलेल्या, स्टेरॉईड चालू असलेल्या, साध्या पडण्यात मनगट मोडलेल्या बायकांनी त्याच्याही आधी. ऐकू येणं, मोतीबिंदू, विसरभोळेपणा. 'वय झालं' हे या तिन्हींचं उत्तर नाही. दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन नावांनी चालू असलेली मी कितीदा बघितलीय.

आणि ऐंशीच्या आजोबांमध्ये नुसतं शोधायचं म्हणून आजार शोधू नका. ज्या आजाराचा उपचार त्यांना झेपणार नाही, त्याचं नाव माहीत होऊन घरात काय बदलणार, हे आधी ठरवा.

आदली रात्र आणि ती सकाळ

जेवण रात्री नऊच्या सुमारास, नेहमीचंच. तीन दिवस आधीपासून भात सोडून, कारल्याचा रस पिऊन येणारे असतात. त्यांचा रिपोर्ट त्या तीन दिवसांचा असतो, त्यांचा नसतो. आठ ते दहा तास उपाशी. पाणी चालतं, पिऊनच या, शीर लवकर सापडते. 'नुसता चहा घेतला' म्हणजे उपाशी नाही. 'बिनसाखरेचा' म्हणजे सुद्धा नाही. तंबाखूची गोळी तोंडात असली तरी नाही, बघून कळतं मला. बीपीची गोळी डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसेल तर घ्या. शुगरची गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर जेवणाबरोबर घ्या.

जेवणानंतरची शुगर असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. मिसळ खायला जाऊन, वाटेत मित्र भेटून सव्वातीन तासांनी आलेल्यांना मी परत पाठवते. रागावतात.

रक्त काढताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. चक्कर येत असेल तर आधी सांगा, झोपवून काढतो. शुगरचं रक्त राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये जायला हवं. साध्या ट्यूबमध्ये पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खातात आणि आकडा कमी येतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मळ्यातून तासभराने लॅबला पोहोचणार असेल तर टोपणाचा रंग बघा. विचारायला लाज कसली, रक्त तुमचंय.

रिपोर्ट हातात आल्यावर

कडेला ठळक 'एच' किंवा 'एल' दिसलं की लोक जिन्यातच खाली बसतात. नॉर्मलची जी हद्द छापलेली असते ती बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची. उरलेले पाच टक्के निरोगीच असतात, फक्त रेघेबाहेर. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी रेघेबाहेर जायची शक्यता ६४ टक्के. बहात्तर केल्या तर काहीच ठळक न निघणारा माणूस शोधावा लागेल. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, परत रक्त, परत चकरा. ट्यूमर मार्कर नावाच्या चाचण्या तर धडधाकट माणसाने पॅकेजात दिसल्या तरी काढून टाकायला सांगाव्यात, त्या कॅन्सर शोधायला नाहीत. व्हिटॅमिन डी सगळ्यांना नको. बी-१२ बद्दल मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांनी जरूर विचारावं.

रिपोर्टचा फोटो काढून ठेवा. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या किती घरांतल्या फायली गाळात गेल्या. नंतर लोक 'पाच वर्षांचे रिपोर्ट होते हो' म्हणत रिकाम्या हाताने यायचे. ईसीजीचा कागद महापूर नसला तरी पुसट होतो, त्याची लगेच झेरॉक्स काढा. फाईलच्या पहिल्या पानावर तारीख, बीपी, शुगर, वजन, कंबर एवढंच लिहा. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा तो कुठून कुठे चाललाय हे जास्त कामाचं. पुढची तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.

शेवटचं, लॅबच्या काउंटरवर नाव लिहिताना चालू असलेला मोबाईल नंबर द्या. तो फक्त मेसेजसाठी नसतो. गेल्या पावसाळ्यात एका बाईंची शुगर ४८० आली. दिलेला नंबर बंद होता. केसपेपरवर नुसतं 'कसबे डिग्रज' आणि आडनाव. त्या आडनावाची तिथे अर्धी गल्ली. शेवटी आमच्या शिपायाच्या मेव्हण्याला फोन केला, त्याने डेअरीत चौकशी केली, तेव्हा संध्याकाळी बाई सापडल्या. त्या भांगलणीला गेल्या होत्या.